तोडीची साहाय्यक: बायबलच्या शिकवणीवर संसार कसा उभा करावा

लग्नाच्या उपासनेत उत्पत्तीचा दुसरा अध्याय वाचला जातो. त्यात "अनुरूप साहाय्यक" हे शब्द येतात आणि ऐकणारे बरेच जण त्याचा अर्थ नवऱ्याच्या हाताखालची बाई असा लावतात. पुढे सगळा संसार त्या अर्थावर चालतो आणि तिथूनच बिघडतो. म्हणून आधी हा शब्द नीट समजून घ्या. मूळ हिब्रू शब्द आहे 'एझेर'. १२१ व्या स्तोत्रात भक्त डोंगरांकडे पाहून विचारतो, मला साहाय्य कोठून येईल? आणि स्वतःच उत्तर देतो, परमेश्वरापासून. तिथेही हाच शब्द आहे. देवाला कोणी हाताखालचा म्हणत नाही. उत्पत्तीत 'एझेर'ला जोडून आलेल्या 'केनेग्दो' या शब्दाचा अर्थ समोरासमोर उभे राहणारे, तोडीचे. म्हणजे नवऱ्याचे जिथे चुकते तिथे त्याच्या डोळ्याला डोळा देऊन सांगणे हाही साहाय्याचाच भाग आहे. कसे सांगायचे, कधी सांगायचे, यातच सगळे कसब आहे.

दुसरा गैरसमज नीतिसूत्रांच्या ३१ व्या अध्यायाचा. १० ते ३१ ही २२ वचने हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांनी क्रमाने सुरू होतात, आपल्याकडे अ, आ, इ धरून ओव्या रचाव्यात तशी. लमुएल राजाला त्याच्या आईने दिलेल्या शिकवणीचा हा शेवट. ही बाई रात्र सरायच्या आत उठते, लोकर आणि ताग विणते, शेत पाहून विकत घेते, द्राक्षमळा लावते, कपडे व्यापाऱ्यांना विकते, गरिबाला हात देते. हे सगळे वाचून नवी सून घाबरते, आणि सासर हा अध्याय वेळापत्रकासारखा तिच्या हातात देते. पण ते एका दिवसाचे काम नाही, एका आयुष्याचे चित्र आहे. शिवाय तिच्या घरात कामाला माणसे होती, हे १५ व्या वचनातच लिहिले आहे. तान्हे मूल कडेवर असताना द्राक्षबाग, शिलाई आणि दळण एकटीने उरकावे अशी अपेक्षा हा अध्याय करत नाही. मराठीत "सद्गुणी" असे भाषांतर झालेल्या शब्दाचा मूळ अर्थ बळ, पराक्रम असा आहे. गिदोनाला देवदूत पराक्रमी वीर म्हणतो, तिथे हाच शब्द येतो. शेताचा मालक बवाज रूथला तेच विशेषण देतो, आणि त्या वेळी ती दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी विधवा होती.

बोलायचे कसे: अबीगईलकडून शिका

१ शमुवेलाचा २५ वा अध्याय प्रत्येक नवरीने लग्नाआधी एकदा आणि लग्नानंतर वर्षातून एकदा वाचावा. नाबाल तीन हजार मेंढरांचा मालक, पण आडमुठा. कातरणीच्या दिवसात दावीदाच्या माणसांनी सौजन्याने काही मागितले तेव्हा त्याने त्यांचा अपमान केला. दावीद चारशे माणसे घेऊन घर उद्ध्वस्त करायला निघाला. नाबालाची बायको अबीगईल हिला हे गड्याकडून कळले. तिने २०० भाकरी, २ बुधले द्राक्षारस, ५ मेंढरांचे तयार मांस, ५ मापे भाजलेले धान्य, मनुकांचे १०० घड आणि अंजिरांच्या २०० ढेपा गाढवांवर लादल्या आणि वाटेतच दावीदाला गाठले. तासगावच्या बेदाण्याच्या शेडमध्ये काम केलेल्या बाईला १०० घड सुकवलेली द्राक्षे म्हणजे किती मेहनत हे सांगायला नको. घरात साठा होता म्हणून ती लगबगीने निघू शकली.

पण शिकायचे आहे ते परत आल्यानंतरचे. घरी आली तर नाबाल राजासारखी मेजवानी करून नशेत होता. तिने सकाळपर्यंत एक अक्षर काढले नाही. सकाळी, नशा उतरल्यावर, सगळे सांगितले. काही लपवले नाही आणि काही मऊ केले नाही. यातून चार नियम निघतात.

प्यायलेल्या माणसाशी वाद घालू नका, हिशेब तर मुळीच विचारू नका. त्या वेळी तुमचे बरोबर असले तरी उपयोग नाही, मार खायची वेळ मात्र येऊ शकते.

माणूस उपाशी, दमलेला किंवा पाहुण्यांत असताना गंभीर विषय काढू नका. उसाच्या तोडीवरून, दुसऱ्या पाळीवरून किंवा एसटीच्या ड्युटीवरून आल्यावर पहिला अर्धा तास पाणी, चहा आणि शांतता.

घर बुडत असेल तर परवानगीची वाट पाहत बसू नका. अबीगईलने आधी संकट टाळले, मग सांगितले. हा नियम रोजच्या खरेदीसाठी नाही, खऱ्या संकटासाठी आहे.

आणि दुसऱ्या दिवशी सांगायचेच. गप्प बसणे आणि वेळ पाहणे यांतला फरक इथेच आहे. "जाऊ दे" म्हणून दहा गोष्टी पोटात ठेवल्या तर अकराव्या क्षुल्लक गोष्टीला सगळा स्फोट होतो, आणि नवरा म्हणतो, भाजीत मीठ कमी एवढ्यावरून केवढे रडायचे!

इफिसकरांस पत्रात म्हटले आहे की राग असताना सूर्य मावळू देऊ नका. मग अबीगईल रात्रभर थांबली ते कसे? वचनात राग खाली ठेवायला सांगितले आहे, भांडणाचा निकाल त्याच रात्री लावायला सांगितलेले नाही. रात्री अकरा वाजता, डोळे जड झालेले असताना निकाल लावायला गेले की वाद तीन पिढ्या मागे जातो. त्याऐवजी झोपण्याआधी एवढेच म्हणा: "मी रागात आहे, पण तुमच्यावरचा जीव कमी झालेला नाही. उद्या सकाळी चहा झाल्यावर बोलू." आणि सकाळी खरेच बोला, नाहीतर ते वाक्य पुढच्या वेळी कोणी खरे मानणार नाही.

तक्रार करायची पद्धत तीन वाक्यांची ठेवा. काय घडले, मला काय झाले, पुढे काय हवे. "अहो, काल पाहुण्यांसमोर तुम्ही मला गप्प बस म्हणालात. मला फार लागले. पुढच्या वेळी आत बोलवून सांगा." यात "तुम्ही नेहमीच", "तुमच्या आईसारखेच" आणि "माझ्या भावाला सांगते" ही तीन वाक्ये कधीही येऊ देऊ नका. पहिले खोटे असते, दुसऱ्याने विषय बदलतो, तिसरे धमकी आहे. नीतिसूत्रे २७:१५ मध्ये भांडखोर बायकोला पावसातल्या सततच्या गळतीची उपमा आहे. पाटण, जावळीकडच्या पावसात पत्र्यातून बादलीत पडणारे थेंब ज्यांनी रात्रभर ऐकले त्यांना ती लगेच कळते. एकच तक्रार वीस वेळा सांगितली की कान ती ऐकेनासा होतो. मात्र हे वचन नवऱ्यांनी बायकोचे तोंड बंद करायला वापरू नये. गळती थांबवायची तर कौल बदलावे लागते, बादलीला शिव्या देऊन भागत नाही.

आठवड्याची बैठक

बैठक हा शब्द मोठा वाटेल, पण ३० ते ४० मिनिटे पुरतात. रविवारी उपासनेनंतर, जेवण झाल्यावर, किंवा बाजाराच्या आदल्या संध्याकाळी. मोबाइल दुसऱ्या खोलीत. सासू-सासरे, मुले, नणंद कोणी नको, फक्त दोघे. घर लहान असेल तर शेताच्या बांधावर जा किंवा कृष्णेच्या घाटावर.

क्रम असा: आधी दोघांनी एकमेकांचे एकेक चांगले काम नाव घेऊन सांगायचे, म्हणजे "तू चांगली आहेस" असे मोघम न म्हणता "मंगळवारी आईला दवाखान्यात नेलेस, माझा दिवस वाचला" असे. मग दहा मिनिटे पैसे. मग मुले आणि घरातली वडीलधारी. मग प्रत्येकाची एक, फक्त एक, तक्रार. शेवटी पाच मिनिटे प्रार्थना, प्रत्येकाने दुसऱ्यासाठी. नवरा मोठ्याने प्रार्थना करायला लाजत असेल तर त्याच्यावर जबरदस्ती नको, तुम्ही करा, त्याने आमेन म्हणावे.

बैठक बिघडते ती ठराविक कारणांनी. तक्रारीपासून सुरुवात होते. किंवा बायको पाच महिन्यांची यादी घेऊन बसते. किंवा नवऱ्याला ती झडती वाटते, कारण बोलावणेच "आज मला तुमच्याशी बोलायचंय" अशा आवाजात झालेले असते. पहिल्या तीन आठवड्यांत तक्रारीचा भाग पूर्ण वगळा. फक्त चांगले काम, पैसे आणि प्रार्थना. चौथ्या आठवड्यात तो स्वतःच काहीतरी काढतो.

पैसा

नीतिसूत्रांतली बाई शेत पाहते, विचार करते आणि घेते. पैशाचा विषय बायकांचा नाही असे म्हणणाऱ्याने ते १६ वे वचन वाचावे. सांगली-साताऱ्याकडची अडचण ही की पैसा महिन्याला येत नाही, एकदम येतो. उसाच्या बिलातून सोसायटीचे कर्ज आधी वळते होते, द्राक्षाच्या पैशावर औषध दुकानाची उधारी टपलेली असते, आणि उरलेली रक्कम हातात आली की तीच खूप वाटते. म्हणून बिल जमा झाल्याच्या दिवशीच दोघांनी वही घेऊन बसावे आणि रकमेचे भाग पाडावेत: देणे, पुढच्या हंगामाचा खर्च, मंडळीचे (चर्चचे) दान, आणि पुढचे बिल येईपर्यंतचे घरखर्चाचे महिने मोजून तितकी रक्कम वेगळी. ही शेवटची रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि दर महिन्याला ठरलेली तेवढीच काढा. पगारदार घरात हेच काम एक तारखेला.

अडीअडचणीची रक्कम किती असावी? तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी. एकदम जमत नाही, महिना ५०० रुपयांनी सुरू करा. खाते दोघांच्या नावाने, दोघांपैकी कोणालाही काढता येईल असे. तुमच्या एकटीच्या नावाचेही एक खाते असू द्या, पण नवऱ्याला माहीत असलेले. चोरून ठेवलेला पैसा सापडतो तेव्हा रकमेपेक्षा विश्वासाचे नुकसान मोठे असते. घरात मारहाण किंवा जुगार असेल तर मात्र हा नियम लागू नाही. तिथे पैसे आणि कागद सुरक्षित ठेवणे हेच शहाणपण.

आता सगळ्यात जास्त फसवणाऱ्या दोन गोष्टी. पहिली, बायकांच्या गटावर घेतलेले कर्ज. सही बाईची, आधार कार्ड बाईचे, पैसा नवऱ्याच्या किंवा दिराच्या कामाला, आणि हप्त्याच्या दिवशी दारात वसुलीवाला उभा राहतो तो बाईसमोर. सही करण्याआधी वहीत तीन उत्तरे लिहा: पैसा नेमका कशाला, हप्ता किती आणि कोणत्या वारी, तो कोणत्या उत्पन्नातून भरणार. तिसऱ्याचे उत्तर "बघू" असेल तर सही करू नका. एक गट फेडायला दुसरा गट काढणे ही तर दलदल आहे. दुसरी गोष्ट जामीन राहणे. नीतिसूत्रे ६, ११, १७ आणि २२ या अध्यायांत जामीन राहण्याविरुद्ध इशारे आहेत. सहाव्या अध्यायात तर म्हटले आहे की अडकला असलास तर झोप घेऊ नकोस, हरिणासारखा सुटून जा. नवरा भिडेखातर मित्राला जामीन राहायला निघाला असेल तर हे वचन त्याच्यासमोर ठेवा, आणि ते सही व्हायच्या आधी ठेवा.

सासर

"पुरुष आईबापांना सोडून बायकोशी जडून राहील" हे वाक्य पुरुषाला उद्देशून आहे, हे आपल्याकडे सोयीने विसरले जाते. सोडणे म्हणजे टाकून देणे नव्हे. पाचवी आज्ञा, आईबापांचा मान राखण्याची, लग्नानंतरही तशीच उभी आहे. एकत्र घरातही नवे जोडपे हे वेगळे घर मानले जावे एवढाच अर्थ. व्यवहारात एक नियम पाळा: त्याच्या घरच्यांना सांगायचे ते त्याने सांगायचे, तुमच्या माहेरच्यांना सांगायचे ते तुम्ही. बहुतेक सासू-सुनांची भांडणे मुलाने आपले काम बायकोवर ढकलल्यामुळे पेटतात. सासूबाईंच्या तोंडून आलेला निरोप नवऱ्याला रंगवून सांगू नका आणि नवऱ्याचा राग त्यांच्यापर्यंत नेऊ नका. माहेरी फोनवर नवऱ्याचे सगळे सांगणेही टाळा. तुमचा त्याच्यावरचा राग दोन दिवसांत जातो, आईच्या मनात तो वर्षभर राहतो. एक जाणती, तोंडाची घट्ट बाई निवडा आणि तिलाच सांगा.

"तू जाशील तिकडे मी येईन" हे रूथचे शब्द लग्नाच्या पत्रिकांवर छापतात. ते तिने नवऱ्याला उद्देशून म्हटलेले नाहीत, सासूला, नामीला, म्हटले आहेत. त्याआधी नामीने मात्र दोन्ही सुनांना मोकळे सोडले होते, परत जा म्हणाली होती. आपण सुनेकडून रूथची अपेक्षा करतो, पण सासूकडून नामीची करत नाही.

नवरा लांब असेल तर

साताऱ्याच्या कितीतरी घरांतला पुरुष फौजेत असतो किंवा नवी मुंबईला माथाडी कामावर. करिंथकरांस पहिल्या पत्रात (७:५) पौल सांगतो की दूर राहायचे तर दोघांच्या संमतीने आणि ठराविक काळापुरते. म्हणून निघण्याआधी परतीचा अंदाजे महिना ठरवा आणि खर्चाची मर्यादा लिहून ठेवा, उदाहरणार्थ २००० रुपयांपर्यंत तुम्ही एकटीने ठरवायचे, त्यावर फोन करून. फोनची वेळ ठरलेली असावी, दहा मिनिटे चालतात. पहिली दोन मिनिटे तक्रार नको. सुट्टीवर आल्यावर पहिला दिवस कसलाही हिशेब नको. तो पाहुण्यासारखा येतो आणि तुम्ही इतके महिने एकटीने घर चालवलेले असते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात कुरबुर होतेच. तिला घाबरू नका.

शरीरसंबंधांबद्दल त्याच अध्यायात पौलाने त्या काळी कोणी ऐकले नसेल असे लिहिले: बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा हक्क, आणि तसाच नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा. हक्क दोन्हीकडून आहे, म्हणून जबरदस्तीला तिथे जागाच उरत नाही. गीतरत्नात तर स्त्रीच जास्त बोलते. काय आवडते, काय दुखते, आज का नको, हे शब्दांत सांगणे निर्लज्जपणा नाही. दुखणे कायम असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. तो प्रार्थनेने लपवायचा विषय नाही.

अधीनता कुठवर

इफिसकरांस पत्राचे ५:२२ सगळ्यांना पाठ असते. त्याच्या आधीचे २१ वे वचन "एकमेकांच्या अधीन असा" असे सांगते. काही जुन्या ग्रीक हस्तलिखितांत २२ व्या वचनाला स्वतःचे क्रियापदच नाही, ते २१ व्यातूनच घ्यावे लागते. त्यानंतर बायकांसाठी तीन वचने आणि नवऱ्यांसाठी जवळजवळ नऊ, आणि नवऱ्याला दिलेले माप आहे ख्रिस्ताने जीव दिला ते. निर्णयात मतभेद असतील तर आपले मत पूर्ण सांगा, त्याचे पूर्ण ऐका, दोन दिवस थांबा. दोन्हींत पाप नसेल तर कधी तुम्ही सोडा, कधी तो.

पाप असेल तर सप्पीराची गोष्ट आहे. तिचा नवरा हनन्या आणि तिने जमिनीच्या किमतीबद्दल ठरवून खोटे सांगितले. प्रेषित पेत्राने तिला तीन तासांनंतर वेगळे विचारले. नवऱ्याचे ऐकले म्हणून तिचे उत्तर माफ झाले नाही. खोट्या कागदावर सही, भावजयीकडून हुंड्याची मागणी, भावाच्या वाटणीत लबाडी, यांना नकार द्यायचा. तोही एकांतात, वेळेआधी, पर्याय हातात घेऊन: "ही सही मी करणार नाही. पैशाची गरज आहे तर माझे दागिने ठेवू, पण हे नको."

आणि मारहाण. "विनाशब्द जिंकावे" हे १ पेत्र ३:१ मधले वचन अशा बाईला सुनावले जाते तेव्हा त्या वचनाचा गैरवापर होतो. सातव्या वचनात नवऱ्याला बजावले आहे की बायकोचा मान राखला नाही तर तुझ्या प्रार्थना अडतील. शौल राजाने भाला फेकला तेव्हा देवाचा अभिषिक्त दावीद पळून गेला, आणि त्याची बायको मीखल हिने त्याला खिडकीतून उतरवले. त्याला कोणी अविश्वासी म्हटले नाही. तातडीने ११२, महिलांसाठी १८१. दवाखान्यात जखमेचे खरे कारण सांगून नोंद करून घ्या. आधार, बँक पासबुक, मुलांचे जन्मदाखले एका पिशवीत विश्वासातल्या घरी ठेवा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. मंडळीतल्या वडिलांनी समजूत घालून तिला एकटीला त्याच घरी परत पाठवू नये.

पेत्राचे ते वचन आहे नवऱ्याने ख्रिस्ताचे वचन मानलेले नाही अशा घरासाठी. तिथे डब्यात वचनाची चिठ्ठी टाकू नका, घरातल्या देवांना नावे ठेवू नका, उपासनेची वेळ आधी सांगून जा आणि आल्यावर नेहमीसारख्या वागा. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली काही वर्षे दोघे वेगळे राहिले, मग एकत्र आले, आणि लक्ष्मीबाईंचा निर्णय त्यांच्या स्वतःच्या मनाने झाला. १९१७ मध्ये टिळकांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला तोवर ते दोघे त्या वाटेवरचे जुने सोबती झाले होते. घाई केली असती तर बहुधा तसे झाले नसते.

घाबरलेला नवरा

शास्ते १३ मध्ये देवदूत दिसल्यावर मानोहा म्हणतो, आपण मरणार. त्याची बायको, जिचे नावही लिहिलेले नाही, तीन मुद्दे मांडते: मारायचे असते तर देवाने अर्पण स्वीकारले नसते, हे सगळे दाखवले नसते, आणि असली गोष्ट ऐकवली नसती. "घाबरू नका" असे कोरडे न म्हणता ती पुरावा देते. बागेवर अवकाळी पाऊस झाला, कारखान्याचे बिल थकले, नोकरी गेली की हेच करा. वहीच्या एका पानावर गेलेले लिहा, समोरच्या पानावर राहिलेले: जमीन, जनावर, हातातले काम, ज्यांनी मागे अडचणीत मदत केली त्यांची नावे. ते पान त्याच्या शेजारी बसून वाचा.

तो जेवत नसेल, झोपत नसेल, "माझ्यामागे तुमचे बरे होईल" असे काही बोलत असेल, तर वचन आणि वही बाजूला ठेवा. त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे त्याच दिवशी घरातून हलवून दुसऱ्याच्या कुलुपात ठेवा. १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर फोन लावा आणि फोन त्याच्या हातात द्या. तो बोलला नाही तर तुम्ही बोला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला सोबत घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जा.